गच्चीवरची दहा मीटर तार आणि पृथ्वीची पलीकडची बाजू

दिवाळीच्या आसपास कोथरूडच्या आमच्या गच्चीवर माझी दोन कामं ठरलेली असतात, एक आकाशकंदील टांगायचा आणि दुसरं म्हणजे पावसाळ्यात सैल पडलेली अँटेनाची तार पुन्हा ताणून घ्यायची. कारण ऑक्टोबरचा शेवटचा पूर्ण शनिवार-रविवार म्हणजे सीक्यू वर्ल्ड वाइड, हॅम रेडिओवाल्यांची ४८ तासांची कॉन्टेस्ट. आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते आणि सोमवारी पहाटे साडेपाचला संपते, मधे जितक्या लोकांशी बोलता येईल तितकं बोलायचं, जगभर.

हॅम म्हणजे हौशी रेडिओवाला. सरकारची परीक्षा द्यायची (वयाची १२ वर्षं पूर्ण झाली की देता येते), लायसन्स मिळालं की व्हीयू टू किंवा व्हीयू थ्रीने सुरू होणारा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं आपलं नाव, मिळतो, आणि मग स्वतःचा सेट, स्वतःची तार. मधे इंटरनेट नाही, मोबाइलचा टॉवर नाही, सॅटेलाइट नाही. माझा सेट १०० वॅटचा, म्हणजे पूर्वी घरात असायचा त्या पिवळ्या बल्बएवढी पॉवर. अँटेना म्हणजे पाण्याच्या टाकीपासून समोरच्या पाइपपर्यंत ताणलेली साधारण १० मीटर तार, कारण १४ मेगाहर्ट्झची लहर साधारण २१ मीटर लांब असते आणि डायपोल नावाच्या या साध्या तारेच्या अँटेनाला त्याच्या निम्मी लांबी पुरते.

आता प्रश्न असा की रेडिओलहर सरळ जाते आणि पृथ्वी तर गोल आहे, मग पुण्याहून निघालेला आवाज ब्राझीलला पोचतो कसा? हेच कोडं १९०१ च्या डिसेंबरमध्ये मार्कोनीने जगासमोर टाकलं. इंग्लंडच्या टोकावरून पाठवलेला सिग्नल आपण अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडला ऐकला असं त्याने सांगितलं. पुढच्याच वर्षी केनेली आणि हेविसाइड या दोन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे एकच अंदाज मांडला, की वर हवेत वीज वाहून नेणारा एखादा थर असणार. १९२४ मध्ये ॲपलटनने प्रयोग करून तो थर खरंच आहे हे दाखवलं आणि त्या कामासाठी १९४७ चं नोबेल मिळवलं.

तो थर म्हणजे आयनोस्फिअर. सूर्याचे अतिनील आणि क्ष-किरण विरळ हवेतल्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे करतात, आणि त्या सुट्या इलेक्ट्रॉनमधून जाताना लहर हळूहळू वाकत वाकत परत खाली येते. सगळ्यात कामाचा तो एफ-टू थर, साधारण २५० ते ४०० किलोमीटर उंचीवरचा. एका उडीत लहर तीन-चार हजार किलोमीटर जाते, मग जमिनीवरून किंवा समुद्रावरून उसळते आणि पुन्हा वर. पण त्याच्या खाली, ६० ते ९० किलोमीटरवर, डी नावाचा थर असतो, तिथे हवा तुलनेने दाट, इलेक्ट्रॉन रेणूंवर आपटत राहतात आणि लहरीची ताकद उष्णतेत जिरून जाते. फ्रिक्वेन्सी जितकी कमी तितकं हे जिरणं जास्त. सूर्य मावळला की डी थर विरून जातो, एफ-टू मात्र रात्रभर टिकतो कारण तिथे हवा इतकी विरळ की इलेक्ट्रॉनला परत जोडी मिळायलाच वेळ लागतो. म्हणून दिवसा १०, १५, २० मीटरचे बँड (बँड म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा, मीटर जितके कमी तितकी फ्रिक्वेन्सी जास्त) चालतात आणि रात्री ४० आणि ८०.

आणि पुणेकर हॅम यात नशीबवान आहे असं माझं ठाम मत आहे. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त आपल्या देशाच्या दक्षिण टोकाजवळून जातं, म्हणूनच केरळातलं थुंबा निवडून १९६३ मध्ये तिथून देशातलं पहिलं रॉकेट सोडलं होतं. त्या रेषेवर दिवसा इलेक्ट्रॉन कारंज्यासारखे वर उचलले जातात आणि दोन्ही बाजूंना खाली उतरून साठतात, आपल्याकडे उत्तरेची ती रास साधारण अहमदाबाद-भोपाळच्या आसपास पडते. पुणे या दोन्हींच्या मधे, त्यामुळे डोक्यावर इलेक्ट्रॉन भरपूर आणि वरचे बँड चांगले उघडतात. सूर्यास्तानंतर मात्र याच पट्ट्यात इलेक्ट्रॉन कमी असलेले बुडबुडे तयार होतात आणि युरोपचा माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा थरथरत ऐकू येतो. मला तो आवाज फार आवडतो, कारण वरचं आकाश तेव्हा हलताना अक्षरशः कानाने कळतं.

कॉन्टेस्टमध्ये बोलणं एवढंच, कॉलसाइन, मग ‘फाइव्ह नाइन’ (म्हणजे तुझा आवाज स्पष्ट आणि जोरात येतोय) आणि आपला झोन, म्हणजे कॉन्टेस्टसाठी जगाचे जे भाग पाडलेत त्यातल्या आपल्या भागाचा नंबर. भारताचा झोन २२. दुसऱ्या खंडातल्या संपर्काला ३ पॉइंट, आशियातल्या दुसऱ्या देशाला १, स्वतःच्या देशाला शून्य. पण खरी गंमत गुणाकारात आहे, प्रत्येक नवा देश आणि नवा झोन म्हणजे एक मल्टिप्लायर, आणि एकूण पॉइंटना एकूण मल्टिप्लायरने गुणायचं. समजा माझे ९०० पॉइंट झालेत आणि देश-झोन मिळून ६० मल्टिप्लायर, तर स्कोअर ५४,०००. आता आणखी एक जर्मन मिळाला, देश-झोन आधीच मोजलेला, तर १८० वाढतात. तोच एखादा नवा देश मिळाला तर हजाराच्या वर वाढतात. म्हणून सगळे बेटांच्या मागे असतात. आपलं अंदमान आणि लक्षद्वीपसुद्धा या यादीत भारतापासून वेगळे देश धरले जातात, आणि तिथून कोणी बोलायला लागलं की एकावेळी शेकडो जण हाका मारतात. २००४ च्या डिसेंबरमध्ये भारती प्रसाद या हॅम अशाच कामासाठी पोर्ट ब्लेअरला होत्या, त्सुनामी आली, आणि हौसेसाठी नेलेल्या त्याच सेटवरून निरोप पोचवले गेले.

एका वर्षी शनिवारी दुपारी एकच्या सुमारास बँड एकदम गप्प झाला. जपान गेलं, ऑस्ट्रेलिया गेलं, नुसती हलकी खरखर. मला वाटलं केबल तुटली, गच्चीवर पळालो, सगळं जागेवर. नंतर कळलं सूर्यावर मोठी ज्वाळा उठली होती, तिचे क्ष-किरण आठ मिनिटांत इथे पोचतात आणि उन्हात असलेल्या बाजूचा डी थर एवढा दाट होतो की लहरी तिथेच जिरतात. अर्ध्या-पाऊण तासाने आवाज एकेक करत परत आले, आधी वरच्या फ्रिक्वेन्सीवर आणि मग खाली, पुस्तकात असतं त्याच क्रमाने.

गेल्या कॉन्टेस्टला मात्र त्रास वेगळाच होता. सेटवरचा सिग्नलचा मीटर सतत वर, कानात भुंगा. एलईडी माळांचे स्वस्त अ‍ॅडॉप्टर रेडिओलहरींचा फार कचरा ओकतात, आणि माळ शेजारच्या काकूंची होती. शुक्रवारी रात्री बिचकतच विचारलं. काकू म्हणाल्या, “अरे, आधी सांगायचंस की! पहाटे कोण बघतंय माळ, बंद करते.”

पृथ्वीच्या गोळ्यात पुण्यातून आरपार सुई घातली तर ती प्रशांत महासागरात निघते, आणि तिथून साधारण हजार किलोमीटरवर ईस्टर आयलंड आहे. म्हणजे पुण्याहून सुमारे १९ हजार किलोमीटर, याहून लांब फारसं जाताच येत नाही. आपल्याकडे उजाडतं तेव्हा तिथे दिवस मावळायला आलेला असतो, दोन्ही टोकांना डी थर अशक्त, आणि समोरासमोरच्या बिंदूजवळ सगळ्या दिशांनी निघालेल्या लहरी पुन्हा एकत्र येतात. शनिवारी साडेसहाला, काकूंची माळ बंद, डायल हळूहळू फिरवत होतो तर खरखरीच्या तळाशी ईस्टर आयलंडवरचा एक बारीक आवाज होता. तीनदा हाक मारली. चौथ्यांदा त्याने माझा कॉलसाइन पूर्ण म्हटला, “फाइव्ह नाइन वन टू.” मी “फाइव्ह नाइन टू टू” म्हटलं आणि ते त्याच्यापर्यंत पोचायला सेकंदाचा पंधरावा भाग लागला असेल. सात वाजता पुन्हा त्या फ्रिक्वेन्सीवर गेलो तेव्हा ऊन गच्चीवर आलं होतं आणि तिथे काहीच नव्हतं.