इहलारा दरीतील कोरीव चर्च : पार्श्वभूमी

तुर्कस्तानच्या आक्साराय प्रांतात इहलारा आणि सेलिमे या गावांदरम्यान मेलेंदिझ नदीने सुमारे १४ किलोमीटर लांबीची घळ कोरली आहे. येथील टफ हा ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला मऊ खडक छिन्नीला सहज वश होतो आणि तळाशी नदीचे पाणी आहे. त्यामुळे ‘पेरिस्ट्रेमा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दरीत बायझंटाइन (पूर्व रोमन) साम्राज्याच्या काळात ख्रिस्ती संन्यासी आणि शेतकरी दीर्घकाळ राहिले, आणि कड्यांच्या पोटात त्यांनी घरे, मठ व चर्च खोदले.

सातव्या ते दहाव्या शतकांत या सरहद्दीवर अरबांच्या स्वाऱ्या होत असत. त्यांपासून लपण्यासाठी ही चर्च खोदली गेली, असे पर्यटकांना सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे मानावे लागेल, कारण १०७१ मधील मान्झिकर्टच्या लढाईनंतर हा प्रदेश मुस्लिम सेल्जुक तुर्कांकडे गेला, तरी दरीतले चित्रकाम थांबले नाही. बेलिसिर्मा गावाजवळच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये, ज्याला स्थानिक लोक किर्क दामाल्ती म्हणतात, याचा पुरावा भिंतीवरच आहे. तेराव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत रंगवलेल्या तेथील चित्रात थामार नावाची दानकर्ती चर्चची छोटी प्रतिकृती संताला अर्पण करते, आणि दुसऱ्या बाजूला बासिल याकूपेस हा ख्रिस्ती अधिकारी चक्क फेटा व सेल्जुक धाटणीचा अंगरखा घालून उभा आहे. सोबतच्या ग्रीक लेखात सेल्जुक सुलतान मसूद आणि बायझंटाइन सम्राट आंद्रोनिकोस या दोघांचीही नावे आदराने घेतली आहेत. लपून राहणारा समाज आपल्या राज्यकर्त्याचे नाव देवळाच्या भिंतीवर लिहीत नाही.

इतर चर्चमध्ये यिलानली, म्हणजे सापांचे चर्च, विशेष प्रसिद्ध आहे; पापी स्त्रियांना डसणारे साप तेथे इतके ठसठशीत रंगवले आहेत की चर्चचे नावच त्यांच्यावरून पडले.

दरीजवळच्या गेल्वेरी (आजचे ग्युझेलयुर्त) येथे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती वस्ती विसाव्या शतकापर्यंत टिकून होती. ती हलली ती स्वारीमुळे नव्हे, तर १९२३ च्या ग्रीस-तुर्कस्तान लोकसंख्या अदलाबदलीच्या कराराने. तेथील लोक ग्रीसमध्ये कावालाजवळ जाऊन वसले आणि गावाच्या जुन्या ग्रीक नावावरून (कारवाली) नव्या वस्तीला त्यांनी ‘नेआ कारवाली’, म्हणजे नवे कारवाली, म्हटले.