जुना फिल्म कॅमेरा निवडताना: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या दुकानात जुना फिल्म कॅमेरा घेऊन येणारे ग्राहक साधारण दोन प्रकारचे असतात. काहींना घरातील कपाटात आजोबांचा किंवा काकांचा कॅमेरा सापडलेला असतो, तर काहींनी फिल्मवर छायाचित्रे काढायचे ठरवून बाजारात शोध सुरू केलेला असतो. दोघांचाही पहिला प्रश्न एकच असतो: "कॅमेरा दणकट आहे ना?" या प्रश्नाचे उत्तर काउंटरवर उभ्या उभ्या दोन वाक्यांत देणे आम्हाला योग्य वाटत नाही, म्हणून हे पत्रक तयार केले आहे. यातील बहुतेक माहिती ३५ मिलिमीटर फिल्मच्या एसएलआर, म्हणजे लेन्समधून येणारे दृश्य आरशाच्या मदतीने दाखवणाऱ्या, कॅमेऱ्यांविषयी आहे, कारण नव्याने सुरुवात करणाऱ्याला आम्ही बहुधा तोच प्रकार सुचवतो.

हातात जड लागतो तो कॅमेरा दणकट, ही समजूत पुरती खरी नाही. ऑलिंपस कंपनीचा ओएम-१ हा १९७० च्या दशकातील कॅमेरा योशिहिसा माइतानी या अभियंत्याने मुद्दाम लहान आणि हलका बनवला, तरीही नीट राखलेला ओएम-१ आज पन्नास वर्षांनंतर रोजच्या वापरात ठेवता येतो. उलट १९७६ साली आलेल्या कॅनन एई-१ चे वरचे झाकण धातूसारखे दिसत असले तरी ते प्लास्टिकचे असून त्यावर धातूचा मुलामा आहे; मात्र हा कॅमेरा बंद पडतो तो सहसा या झाकणामुळे नव्हे. म्हणून वजन, चकाकी आणि नाव या तीन गोष्टींवरून निर्णय घेऊ नये, अशी आमची विनंती आहे. दुरुस्तीच्या टेबलावरून पाहिले तर दणकट कॅमेरा तो, जो उघडता येतो, ज्यातील वाळलेले वंगण काढून नवे देता येते, ज्याच्या स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करून शटरचा, म्हणजे फिल्मवर ठरावीक वेळच प्रकाश पडू देणाऱ्या पडद्याचा, वेग पुन्हा जुळवता येतो आणि जो परत बंद केल्यावर मूळच्या अचूकतेने चालतो. आज बाजारात असलेले बहुतेक फिल्म कॅमेरे तीस ते साठ वर्षांचे आहेत आणि त्यांतील प्रत्येक कॅमेरा कधी ना कधी अडणारच आहे. अडल्यावर तो पुन्हा चालू करता येईल का, हे विकत घेण्यापूर्वीच पाहायला हवे.

यांत्रिक शटर आणि इलेक्ट्रॉनिक शटर

ज्या कॅमेऱ्याचे शटर पूर्णपणे यांत्रिक असते, त्याला सेलची गरज फक्त प्रकाशमापकासाठी, म्हणजे लाइट मीटरसाठी लागते. सेल संपला तरी छायाचित्र काढता येते. पेंटॅक्स के१०००, निकॉन एफएम, निकॉन एफएम२, मिनोल्टा एसआरटी-१०१ आणि वर उल्लेख केलेला ओएम-१ हे या प्रकारचे कॅमेरे होत. इलेक्ट्रॉनिक शटरच्या कॅमेऱ्यात पडदा किती वेळ उघडा राहावा हे विद्युत मंडल ठरवते, त्यामुळे ६ व्होल्टचा सेल नसेल तर एई-१ चे शटर उघडतच नाही. यशिका इलेक्ट्रो ३५ हा रेंजफाइंडर, म्हणजे आरशाऐवजी वेगळ्या खिडकीतून पाहून अंतर जुळवण्याचा, कॅमेरा सेलशिवाय केवळ १/५०० सेकंद या एकाच वेगावर चालतो. असे कॅमेरे वाईट आहेत असे आम्ही मुळीच म्हणत नाही, आणि इलेक्ट्रो ३५ ची लेन्स तर आमच्या विशेष आवडीची आहे. परंतु त्यांतील मंडल जळाले किंवा कपॅसिटर निकामी झाला, तर तोच भाग दुसऱ्या बंद कॅमेऱ्यातून काढून बसवण्यावाचून अनेकदा पर्याय उरत नाही. यांत्रिक शटरमधील अडलेले चाक मात्र साफ करून पुन्हा फिरते करता येते.

पेंटॅक्स के१००० चे उत्पादन १९७६ ते १९९७ असे दोन दशकांहून अधिक काळ चालले. त्याची रचना अतिशय साधी आहे: एक सेकंद ते १/१००० सेकंद एवढे शटरचे वेग, व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून पाहायच्या खिडकीत, प्रकाशमापकाचा एक काटा, बाकी काही नाही. प्रकाशमापक बंद करण्याचे बटणही त्याला नाही. लेन्सवर टोपी लावली की तो शांत होतो, म्हणून टोपी न लावता ठेवलेल्या कॅमेऱ्याचा सेल लवकर उतरतो. उत्पादनाच्या नंतरच्या काळात चीनमध्ये तयार झालेल्या कॅमेऱ्यांत प्लास्टिकचे भाग वाढले, त्यामुळे दोन्ही उपलब्ध असतील तर आम्ही आधीचा जपानी कॅमेरा निवडायला सांगतो. विद्यार्थ्यांचा कॅमेरा म्हणून त्याचे नाव इतके झाले आहे की त्या नावाचीही किंमत मोजावी लागते. खरे तर के१००० हा पेंटॅक्स केएम या कॅमेऱ्यातील सेल्फ-टायमरसारख्या काही सोयी वगळून बनवलेला आहे. केएम चांगल्या अवस्थेत मिळत असेल तर तो निःशंकपणे घ्यावा.

निकॉन एफएम२ हा कॅमेरा १९८२ साली १/४००० सेकंद इतक्या वेगासह आला, आणि तेही सेलच्या आधाराशिवाय. त्याच्या सुरुवातीच्या शटरची पाती टायटॅनियमची असून वजन कमी करण्यासाठी त्यांच्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी कोरलेली आहे. पाठीमागचे दार उघडल्यावर ती दिसते. या पात्यांना बोट लावू नये आणि कोणाला लावूही देऊ नये. फिल्म भरताना नखाचा धक्का लागून वाकलेले पाते आम्ही एकापेक्षा अधिक वेळा पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी ते पाहून जीव हळहळला आहे.

घरात आग्फा क्लिक-३ सारखा भारतात तयार झालेला जुना कॅमेरा निघाला, तर त्यासाठी १२० क्रमांकाचे रीळ लागते. ते आजही मिळते. त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नाही. लेन्स पुसून, आतील काळा रंग कुठे उडाला आहे का हे पाहून तो वापरता येतो.

पाऱ्याच्या सेलचा प्रश्न

१९६० आणि १९७० च्या दशकांतील अनेक कॅमेऱ्यांचे प्रकाशमापक १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवलेले आहेत. पारा विषारी असल्याने या सेलचे उत्पादन थांबले. त्याच आकाराचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल खाचेत नीट बसतो, काटाही हलतो, आणि ग्राहकाची समजूत होते की सर्व ठीक आहे. प्रत्यक्षात जास्त विद्युतदाबामुळे (व्होल्टेजमुळे) काटा प्रकाश आहे त्याहून अधिक दाखवतो, छायाचित्रकार त्यानुसार प्रकाश कमी करतो आणि निगेटिव्ह पातळ, म्हणजे फिकट, येते. रंगीत निगेटिव्ह फिल्म थोडा जादा प्रकाश सहज पचवते, पण कमी प्रकाश तिला सोसत नाही. सावलीतील तपशील एकदा गेला की तो स्कॅनिंगमध्येही परत येत नाही. यावर दोन उपाय आहेत. श्रवणयंत्रात वापरतात तो झिंक-एअर सेल धातूच्या कडीत बसवून वापरता येतो, मात्र त्याचे आयुष्य कमी असते, किंवा १.५५ व्होल्टच्या सिल्व्हर ऑक्साइड सेलसाठी प्रकाशमापक आमच्याकडे पुन्हा जुळवून घेता येतो. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकच्या मंडलाची रचना मात्र अशी आहे की सेलचा दाब थोडा बदलला तरी मापन बिघडत नाही, आणि हा कॅमेरा आम्ही आग्रहाने सुचवतो त्यामागे हेही एक कारण आहे.

विकत घेण्यापूर्वीची तपासणी

मुंबईच्या चोर बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा ओळखीतल्या कोणाच्या घरी कॅमेरा पाहायला जाताना खिशात एक लहान टॉर्च, एक नवा सेल आणि मोबाइल एवढे असले तरी पुरे. तपासणीची सुरुवात स्क्रूंपासून करावी. स्क्रूंच्या खाचा कुरतडल्यासारख्या दिसत असतील तर कॅमेरा कोणीतरी चुकीच्या पेचकसाने उघडला आहे असे समजावे. जपानी कॅमेऱ्यांतील चौफुलीच्या खाचेचे स्क्रू जपानी मापाचे असतात आणि बाजारातील नेहमीचा पेचकस त्यांत घट्ट बसत नाही. त्यानंतर प्रिझमच्या, म्हणजे कॅमेऱ्यावरील मधल्या उंचवट्याच्या, टोकावर आणि लेन्सच्या पुढील कडीवर पोचे आहेत का ते पाहावे, कारण पडलेला कॅमेरा बहुधा याच दोन ठिकाणी आपटतो. सेलच्या कप्प्यात हिरवा किंवा पांढरा थर दिसला, तर क्षार तारेतून आत कुठवर पोहोचला आहे हे कॅमेरा उघडल्याशिवाय सांगता येत नाही.

शटरच्या तपासणीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. कॅमेऱ्यात रीळ नाही याची खात्री करून दार उघडावे, लेन्स काढता येत असेल तर काढावी आणि वेग एक सेकंदावर ठेवून कळ दाबावी. आत दातेरी चाकांचा जो घर्र आवाज येतो तो सलग आणि एका लयीत यायला हवा. तो मध्येच मंदावला, अडखळला किंवा पडदा उघडाच राहिला, तर हळू वेगांच्या यंत्रणेतील वंगण वाळले आहे. हा दोष सर्व्हिसिंगने जातो, म्हणून तेवढ्यावरून कॅमेरा नाकारू नये. मात्र सर्व्हिसिंगचा खर्च किमतीत धरावा. यानंतर मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रे टिपणारे मंदगती चित्रण सुरू करून १/३० सेकंदाचे शटर उडवावे. चित्रण एकेक चित्र पुढे सरकवत पाहिल्यास शटर साधारण आठ चित्रांत उघडे दिसले पाहिजे, आणि १/६० वर साधारण चार चित्रांत. याहून जास्त वेगांसाठी ही पद्धत भरवशाची नाही.

जास्त वेगांची कसोटी वेगळी आहे. कापडी शटरमध्ये एकामागोमाग धावणारे दोन पडदे असतात. १/१००० सेकंदाला पहिला पडदा पूर्ण उघडण्यापूर्वीच दुसरा निघालेला असतो आणि त्यांच्यामधील दोन-तीन मिलिमीटरची फट फिल्मवरून सरकत जाते. मागचा पडदा पुढच्यापेक्षा किंचित जलद धावला तर फट वाटेतच अरुंद होते आणि छायाचित्राची एक बाजू काळवंडते. पांढऱ्या भिंतीकडे किंवा आकाशाकडे कॅमेरा धरून मागून डोळा लावावा आणि सर्वांत जास्त वेगावर चार-पाच वेळा शटर उडवावे. पूर्ण चौकोन एकसारखा लख्ख दिसला पाहिजे. कापडी पडद्याला सूक्ष्म भोके पडली आहेत का, हे टॉर्चचा प्रकाश टाकून पाहावे. विशेषतः रेंजफाइंडर कॅमेऱ्यात, कारण त्यात पडद्यापुढे आरसा नसल्याने उघड्या लेन्समधून आलेले ऊन थेट पडद्यावर एकवटते आणि तो जळतो. झॉर्की-४ हा रशियन रेंजफाइंडर पाहत असाल तर आधी रीळ पुढे सरकवणारी लिव्हर ओढून किंवा चकती फिरवून शटर भरावे, म्हणजे उडण्यासाठी तयार करावे, आणि मगच वेग बदलावा, अन्यथा आतील यंत्रणेला इजा होऊ शकते. फेड आणि झॉर्की कॅमेऱ्यांवर जर्मन लायकाचे नाव कोरून ते विकण्याचा प्रकार जुना आहे. फार स्वस्तात लायका मिळत असेल तर प्रथम आम्हाला दाखवावा.

लेन्स टॉर्चच्या उजेडात, ॲपर्चर (लेन्समधील प्रकाश आत येण्याचे लहान-मोठे होणारे भोक) पूर्ण उघडून, दोन्ही बाजूंनी पाहावी. धुळीचे चार कण छायाचित्रात दिसत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. ती लवकर काढली तर काच वाचते, उशीर झाला तर काचेवरील लेप कायमचा कोरला जातो. मागील काचेवरचा ओरखडा पुढील काचेवरच्या ओरखड्यापेक्षा अधिक त्रासदायक ठरतो, आणि ग्राहक नेमकी पुढचीच काच पाहतात. ॲपर्चरची पाती कोरडी असावीत व झटकन मिटावीत. त्यांवर तेलाची चमक दिसली तर ती हळूहळू चिकटू लागतात.

आता एक दिलाशाची गोष्ट. दाराच्या खाचांतील काळा स्पंज चिकट होऊन हाताला लागत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. तो बहुतेक जुन्या कॅमेऱ्यांत विरघळतो, बदलायला फार वेळ लागत नाही आणि विक्रेत्याशी भाव करताना तो उपयोगीही पडतो. अपवाद ओएम-१ चा: त्याच्या प्रिझमवरील स्पंज विरघळून काचेचा चंदेरी थर खातो, म्हणून व्ह्यूफाइंडरमध्ये काळे डाग किंवा ओघळ दिसले तर ते धूळ समजून सोडू नयेत. आरसा मात्र कोणत्याही कॅमेऱ्याचा कापडाने पुसू नये, कारण त्याचा चंदेरी थर काचेच्या पुढील बाजूस उघडा असतो.

पावसाळा

कोकणातून आणि मुंबईहून आमच्याकडे येणाऱ्या लेन्सपैकी बुरशी लागलेल्या लेन्स ऑक्टोबरात सर्वाधिक असतात, कारण चार महिने कॅमेरा चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलेला असतो. चामडे ओल धरून ठेवते. कॅमेरा पिशवीतून काढून घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावा, डब्यात एक लहान आर्द्रतामापक ठेवावा आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावी. सिलिका जेलचा रंग बदलला की ते मंद आचेवर कोरडे करून पुन्हा वापरता येते; यासाठी स्वयंपाकाचे भांडे वापरू नये. डब्यात डांबरगोळी ठेवू नये, तिची वाफ काचेवर बसते. दर पंधरा दिवसांनी कॅमेरा बाहेर काढून प्रत्येक वेगावर दोन-तीनदा शटर उडवावे आणि लेन्सची कडी दोन्ही टोकांपर्यंत फिरवावी.

आमच्याकडे कॅमेरा आणताना

कॅमेऱ्यात रीळ असेल तर दार उघडू नये. जुन्या रिळावर घरातील कोणाची तरी छायाचित्रे असू शकतात आणि ती अनेकदा वाचवता येतात. लिव्हर अडली असेल तर जोर लावू नये. आम्ही प्रत्येक वेगाची यंत्रावर नोंद घेतो, सर्व्हिसिंगपूर्वीचे आणि नंतरचे आकडे एका कार्डावर लिहितो आणि ते कार्ड कॅमेऱ्यासोबत देतो. १/१००० ऐवजी प्रत्यक्षात १/८०० मिळत असेल तर तसेच लिहितो, कारण एवढ्या फरकाने निगेटिव्ह बिघडत नाही आणि ग्राहकाला आपल्या कॅमेऱ्याचा खरा वेग माहीत असावा असे आम्हाला वाटते. कॅमेरा परत मिळाल्यावर पहिले रीळ लग्नाला किंवा प्रवासाला नेऊ नये. ते घराजवळ, उन्हात आणि सावलीत, प्रत्येक छायाचित्राचा वेग व ॲपर्चर वहीत टिपून काढावे आणि धुतलेली निगेटिव्ह वहीसह आमच्याकडे आणावी. ती टेबलावर एकत्र पाहू. काही जुळवायचे राहिले असेल तर त्यासाठी वेगळा आकार घेतला जात नाही.