अवयव प्रत्यारोपणाचा कॉल रद्द होणं आणि त्यातून सावरणं

वेटिंग लिस्टवरच्या पेशंटला हॉस्पिटलमधून फोन येतो की डोनर मिळालाय, पोटात काही घेऊ नका, लगेच निघा, मग माणूस धावतपळत पोचतो, तपासण्या होतात, कधीकधी तर थेट ऑपरेशन थिएटरपर्यंत नेतात, आणि ऑपरेशन न होताच घरी पाठवतात, ह्याला कॉल रद्द होणं म्हणतात. डॉक्टरमंडळी आपसात ड्राय रन म्हणतात. किडनी, लिव्हर, हार्ट, लंग्ज सगळ्यांच्या बाबतीत हे होतं आणि काही पेशंटना तर एकापेक्षा जास्त वेळा ह्यातून जावं लागतं. इथे मुख्यतः महाराष्ट्रातल्या ब्रेन डेड (मेंदू मृत झालेल्या) डोनरकडून होणाऱ्या प्रत्यारोपणाचा विचार केलाय, घरातलाच कोणी डोनर असेल तर तारीख आधी ठरते, तिथलं रद्द होणं वेगळ्या प्रकारचं.

कॉल रद्द का होतो

हे नीट समजून घेणं हाच सावरण्याचा अर्धा भाग आहे असं मला वाटतं, म्हणून थोडं सविस्तर. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचं पॅनल ब्रेन डेथ ठरवतं, त्यासाठी किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा टेस्ट करावी लागते, नातेवाईकांची लेखी संमती लागते, अपघाताची केस असेल तर पोलीस आणि पोस्टमॉर्टेमची परवानगी वेगळी. मग मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या झेडटीसीसी (अवयववाटप बघणाऱ्या विभागीय समित्या) आपापल्या विभागाच्या यादीप्रमाणे अवयव कोणाला द्यायचा ते ठरवतात. इकडे हार्ट शरीराबाहेर साधारण ४ तास टिकतं, लंग्ज थोडे जास्त, लिव्हर अंदाजे १२ तास, किडनी एक दिवसाच्या आसपास. त्यामुळे सगळं शंभर टक्के पक्कं झाल्यावर फोन करू म्हटलं तर सांगली-कोल्हापूरचा माणूस पुण्यात पोचेपर्यंत वेळ निघून जायची, म्हणून फोन आधीच करावा लागतो आणि ह्या आधी करण्यातच रद्द होण्याची शक्यता आलीच.

कधी अवयव काढण्याआधीच डोनरचं हृदय बंद पडतं. कधी डोनरचे नातेवाईक शेवटच्या क्षणी नको म्हणतात, आणि त्यांना तो हक्क आहे. लिव्हर बाहेरून ठीक वाटलं तरी सर्जनने प्रत्यक्ष बघितल्यावर किंवा बायोप्सीत फॅट खूप निघतं. कधी खुद्द पेशंटलाच ताप किंवा छातीत इन्फेक्शन निघतं. किडनीत अजून एक गोष्ट असते, क्रॉसमॅच. पेशंटचं रक्त डोनरच्या पेशींबरोबर तपासतात, रिपोर्टला काही तास जातात, पॉझिटिव्ह आला की त्या डोनरची किडनी त्या पेशंटला चालत नाही. म्हणून एकाच वेळी दोनचार जणांना बोलावतात, काहीजण स्टँडबाय असतात. एकाच बाकावर बसलेल्या दोन फॅमिली, दोघांचे रिपोर्ट यायचेत, एकमेकांना चहा विचारतात (पेशंट सोडून, तो उपाशीच) आणि मनात दोघांनाही माहितीये की कदाचित एकालाच आत नेतील. ह्यातून परत येणाऱ्याला समोरच्याचा राग येतो, लगेच त्या रागाची लाज वाटते.

मनात काय होतं

निराशा तर होतेच पण लोक ज्याबद्दल बोलत नाहीत ती भावना म्हणजे सुटल्यासारखं वाटणं. ऑपरेशनची भीती असतेच, ते टळलं की आतून हुश्श होतं, आणि मग आपल्याला जगायचंच नाही की काय असा विचार करून माणूस स्वतःलाच खातो. हे एकदम नॉर्मल आहे. दुसरी अपराधीपणाची भावना म्हणजे आपण कोणाच्या तरी मरणाची वाट बघत होतो, पण तो मृत्यू आपल्या वाट बघण्याने झालेला नसतो, हे कोणीतरी स्पष्ट शब्दात सांगावं लागतं. भूल दिल्यानंतर रद्द झालं असेल तर फार वाईट, जाग आल्यावर हात आधी पोटाकडे जातो आणि तिथे पट्टीच नसते. नंतर कित्येक दिवस अनोळखी नंबरवरून फोन आला की छातीत धडधडतं.

आपल्याकडे माणूस गेला की लोक भेटायला येतात, दहा दिवस घर भरलेलं असतं, इथे मात्र बाहेरच्यांच्या दृष्टीने काही झालेलंच नसतं. केनेथ डोका ह्या अमेरिकन अभ्यासकाने समाज ज्याची दखल घेत नाही अशा दुःखाबद्दल १९८९ मध्ये मांडणी केली होती, ती इथे बरोबर लागू पडते. शेजारीपाजारी म्हणतात होतं ते चांगल्यासाठीच, हेतू चांगला असतो पण त्या दिवशी तरी हे वाक्य गिळावं. घरच्यांचं तर कोणी विचारतच नाही, रात्रीत गाडी ठरवलेली, डिपॉझिटसाठी पैसे गोळा केलेले, रजा टाकलेली, आणि आता सगळं परत जागेवर लावायचं.

सावरताना

डिस्चार्जआधी किंवा दोनतीन दिवसांत हॉस्पिटलच्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला नेमकं कारण विचारावं, कारण कळलं नाही की मन स्वतःच कारण तयार करतं आणि ते बहुतेक वेळा आपलंच काहीतरी चुकलं असंच असतं. डोनरच्या बाजूने रद्द झालं असेल तर यादीतली जागा जात नाही, तरी खात्री करून घ्यावी. औषधांचं पण विचारावं, हार्टच्या पेशंटला रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा परिणाम उतरवायचं औषध दिलेलं असू शकतं, किडनीवाल्यांना पुढचं डायलिसिस कधी ते. नातेवाईकांच्या ग्रुपवर एकानेच एकदा मेसेज टाकावा, पेशंटला वीस वेळा तीच गोष्ट सांगायला लावू नये.

लक्ष ठेवायची गोष्ट म्हणजे पथ्य सुटणं. पेशंट रडत नाही, चिडत नाही, फक्त पाणी ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त प्यायला लागतो, एखादं डायलिसिस चुकवतो, आता कशाला म्हणतो. घरच्यांना हा हट्ट वाटतो पण बऱ्याचदा ते डिप्रेशन असतं. झोप-भूक दोन आठवड्यांत जागेवर आली नाही किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलणं सुरू झालं, तर सायकियाट्रिस्टला दाखवावं, मरणाची भाषा असेल तर दोन आठवडे थांबायचं नाही. सरकारची मानसिक आरोग्याची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. त्याच हॉस्पिटलमधे प्रत्यारोपण झालेल्या आणि आधी कॉल रद्द झालेल्या एखाद्या पेशंटशी बोलणं करून द्या असं कोऑर्डिनेटरला सांगितलं तर बरेचदा सोय होते, आणि त्याचा उपयोग इतर कशाहीपेक्षा जास्त होतो.

पुढचा कॉल आला की काहीजण फोनच उचलत नाहीत, भीती वाटते. मनाची तयारी नसेल तर तसं आधीच टीमला सांगून काही काळ यादीत इनॅक्टिव्ह (नाव यादीत, पण कॉल नाही) राहायचं का ते ठरवता येतं, फोन बंद ठेवण्यापेक्षा हे केव्हाही बरं, कारण ते फोन लावत बसतात तेवढ्यात यादीतल्या पुढच्या माणसाचा वेळ जात असतो.