घर भरलेलं आहे, पण सोबत?

‘आमचं एकत्र कुटुंब आहे, आजींकडे बघायला माणसं आहेत,’ असं आपण अभिमानाने सांगतो. डिमेन्शियात, म्हणजे स्मरणशक्ती आणि समज ढासळत जाते त्या आजारात, एवढं पुरत नाही.

अल्झायमर या डिमेन्शियाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात मेंदूत अमायलॉइड आणि टाऊ ही प्रथिनं साचतात, पेशी मरत जातात. घरच्यांच्या मायेने ते थांबत नाही. पण माणसाचा दिवस कसा जातो, हे फक्त मेंदूतल्या बिघाडावर ठरत नाही, असं ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ टॉम किटवूड १९९०च्या दशकात ठासून सांगत होते. त्यांनी आजूबाजूच्यांच्या अगदी साध्या वागण्यावर बोट ठेवलं: रुग्णासमोरच त्याच्याविषयी तिसऱ्याशी बोलणं, झेपणार नाही इतकी घाई करणं, लहान मुलासारखं दटावणं. यामागे कुणाचा दुष्ट हेतू नसतो, हेही त्यांनी बजावलं होतं.

आपल्याकडे हे प्रेमापोटी घडतं. ‘राहू द्या आई, तुम्हाला नाही जमायचं,’ म्हणत सून मेथीची जुडी काढून घेते. आईंना निवडायला तासभर लागला असता, चार काड्याही राहिल्या असत्या. राहू द्याव्यात की!

संध्याकाळी ‘मला घरी जायचंय’ सुरू झालं, की ‘हेच तुमचं घर’ म्हणून वाद घालण्यात अर्थ नसतो. दिवे लवकर लावावेत, टीव्ही बंद करावा. कुठे दुखतंय का, पोट साफ आहे का, हेही बघावं, कारण दुखणं शब्दांत सांगता येत नाही तेव्हा ते चिडचिडीतून बाहेर पडतं. आणि कानांची तपासणी! ऐकू न येणारा माणूस भरल्या घरातही एकटा पडतो.

सांभाळणाऱ्याचं काय? गोव्यात दोन तालुक्यांतल्या ८१ कुटुंबांवर झालेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेले, पण प्रशिक्षण घेतलेले सल्लागार घरी जात, आजार समजावून सांगत, अवघड वागणं कसं हाताळायचं ते दाखवत. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण कमी झाला. रुग्णांच्या वागण्यात ठळक फरक दिसला नाही, पण त्या वागण्याचा घरच्यांना होणारा त्रास घटला.

बहुतेक घरांत हा भार एकाच बाईवर असतो, बाकीचे ‘कशा आहेत आजी?’ एवढं विचारतात. त्यांच्यापैकी कुणी रविवारची दुपार आजींपाशी बसलं, तर तिला निदान झोप तरी काढता येईल.