भात खाणाऱ्यांना सीलिअॅक होत नाही, हा समज चुकीचा आहे

रत्नागिरी-सिंधुदुर्गात अनेक घरांत असे मानले जाते की सीलिअॅक हा गहू खाणाऱ्या उत्तरेकडचा आजार आहे आणि आपल्याला जेवणानंतर येणारा थकवा भातामुळेच येतो. पोटभर भात जेवल्यावर येणारी गुंगी बहुतेकदा निरुपद्रवी असते, हे खरे. परंतु सीलिअॅकमधील थकवा त्याहून वेगळा असून तो दिवसचे दिवस उतरत नाही. या आजारात गहू व जव यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच हल्ला करते, लोह नीट शोषले जात नाही आणि रक्तक्षय होतो. पोट अजिबात न बिघडताही हे घडू शकते.

भात, घावणे, नाचणीची भाकरी यांत मुळात ग्लुटेन नसते; पण सकाळचा पाव, चहासोबतची बिस्किटे, शिरा, इतकेच नव्हे तर गव्हाचे पीठ मिसळलेला बांधणी हिंगसुद्धा पुरेसा ठरतो. माझी कळकळीची विनंती अशी की, संशय आला म्हणून गहू परस्पर सोडू नये, कारण तो आहारात असतानाच टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी विश्वासार्ह ठरते.