वित्तक्षेत्रातून दिवाळखोरी कायद्याकडे : सनद आणि नोंदणीचे अर्ज नेमके कुठे अडतात

कर्जविभागात, लेखापरीक्षणात किंवा एखाद्या कंपनीच्या वित्तविभागात पंधरा-वीस वर्षे काढलेल्या माणसाला दिवाळखोरीचा कायदा तसा परका नसतो. बुडीत खाते, तारण, हमी, रोखीचा ओघ हे सारे त्याच्या रोजच्या हातचे असते, आणि म्हणूनच आपला अर्ज परत आला की त्याला विशेष धक्का बसतो. असे कित्येक अर्ज पाहिल्यावर एवढे खात्रीने म्हणता येते की ते ज्ञान कमी पडल्यामुळे क्वचितच परत येतात. अर्जदाराने चुकीचे दार ठोठावलेले असते, किंवा मागच्या नोकरीचा एखादा कागद त्याच्याकडे नसतो.

दारे दोन आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. अधिवक्ता अधिनियम, १९६१ खाली राज्य बार कौन्सिलकडून मिळणारी वकिलीची सनद हे एक दार. दिवाळखोरी व नादारी संहिता, २०१६ खाली इन्सॉल्व्हन्सी प्रोफेशनल, म्हणजे दिवाळखोरीची प्रक्रिया प्रत्यक्ष हाताळणारा व्यावसायिक, म्हणून होणारी नोंदणी हे दुसरे. सनदेसाठी वित्तक्षेत्राचा अनुभव लागत नाही आणि नोंदणीसाठी कायद्याची पदवी लागत नाही. याशिवाय एक छोटी खिडकीही आहे, जिच्याकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ४३२ नुसार, कंपन्यांच्या दिवाळखोरीची प्रकरणे जेथे चालतात त्या राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे पक्षकाराच्या वतीने वकिलाप्रमाणेच सनदी लेखापाल, कंपनी सेक्रेटरी आणि कॉस्ट अकाउंटंट यांनाही उभे राहता येते. त्यामुळे प्रॅक्टिस करणाऱ्या सनदी लेखापालाला केवळ या न्यायाधिकरणात बाजू मांडायची असेल, तर तीन वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला नाव घालण्यापूर्वी त्याने हे कलम एकदा वाचावे. दिवाणी न्यायालये, उच्च न्यायालय आणि करारमदारांचे वाद असे पूर्ण व्यावसायिक कायद्याचे काम करायचे असेल, तर मात्र सनदेला पर्याय नाही.

विधी पदवीचा प्रवेश हा सरळ भाग आहे. पदवीला खुल्या प्रवर्गात किमान ४५ टक्के गुण आणि महाराष्ट्रात राज्य सीईटी कक्षाची परीक्षा, एवढ्यावर काम होते. अडचण पुढे येते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार हा अभ्यासक्रम नियमित स्वरूपाचा आहे, तो दूरस्थ पद्धतीने करता येत नाही आणि प्रत्येक विषयात ७० टक्के उपस्थितीची अट आहे. सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकाने विद्यार्थ्याने आपण नोकरीत आहोत काय हे जाहीर करावे आणि नोकरीत असल्यास मालकाचे ना-हरकत प्रमाणपत्र द्यावे, अशीही अपेक्षा ठेवली आहे. दिवसभर शाखेत काम करून पदवी ‘मिळवून देणारी’ महाविद्यालये असल्याची कुजबुज नेहमी कानावर येते. परंतु त्याच तीन वर्षांचे पगारपत्रक आणि त्याच तीन वर्षांचे हजेरीपत्रक एकमेकांशेजारी ठेवण्याची वेळ सनदेच्या अर्जाच्या वेळी येऊ शकते, आणि तेव्हा ते महाविद्यालय मदतीला येत नाही. मुक्त विद्यापीठातून बारावी न करता थेट पदवी घेतलेल्यांनीही वेळीच थांबून विचार करावा, कारण अशी पदवी याच नियमांत विधी प्रवेशासाठी ग्राह्य धरलेली नाही. पत्राद्वारे शिकून, पण दहावी-बारावीच्या पायऱ्या चढून घेतलेली पदवी चालते.

सनदेच्या बाबतीत दोन गैरसमज आधी दूर करायला हवेत. पहिला वयाचा. पंचेचाळीस वर्षांनंतर नावनोंदणी नाकारणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच रद्द ठरवला, त्यामुळे निवृत्त बँक अधिकाऱ्यालाही सनद मिळते. दुसरा शुल्काचा. अधिवक्ता अधिनियमाच्या कलम २४ मध्ये राज्य बार कौन्सिलसाठी ६०० आणि बार कौन्सिल ऑफ इंडियासाठी १५० रुपये, तर अनुसूचित जाती-जमातींसाठी एकूण १२५ रुपये एवढेच नावनोंदणी शुल्क सांगितले आहे. मुद्रांक शुल्क त्याहून वेगळे. याहून जास्त शुल्क कौन्सिलांना आकारता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी दिला. त्या निकालापूर्वी कित्येक तरुण पदवीधर हजारो रुपये उसने घेऊन रांगेत उभे राहिले, आणि कायद्याच्या दारातच कायद्याबाहेरची वसुली चालते याचे कुणाला फारसे काही वाटत नसे.

खरा अडसर नोकरीचा आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतील ४७ ते ५२ हे नियम अर्ज भरण्यापूर्वी शांतपणे वाचावेत. वकिलाला पूर्ण वेळ पगारी नोकरी करता येत नाही आणि स्वतः धंदाही चालवता येत नाही. धंद्यात निष्क्रिय भागीदार म्हणून राहता येते आणि कार्यकारी स्वरूपाचे काम नसेल तर कंपनीचे संचालकपदही ठेवता येते, पण व्यवस्थापकीय संचालक किंवा कंपनी सेक्रेटरी होता येत नाही. वित्तक्षेत्रातून आलेल्यांच्या नावावर बहुधा एखादी सल्लागार संस्था, कौटुंबिक कंपनीतले पद किंवा जुन्या मालकाशी केलेला ‘रिटेनर’चा, म्हणजे ठरावीक मोबदल्यावर सल्ला देत राहण्याचा, करार असतो, आणि तो नोकरी आहे की व्यवसाय हे त्यांनाही सांगता येत नाही. अर्ज करण्यापूर्वीच हे सारे लेखी मोकळे करून घ्यावे. राजीनाम्याची प्रत पुरेशी नसते. राजीनामा कधी स्वीकारला आणि शेवटचा कामाचा दिवस कोणता, हे सांगणारे रिलीव्हिंग लेटर लागते. नोटीस कालावधी संपण्याआधीच उत्साहाने ‘आपण नोकरीत नाही’ असे प्रतिज्ञापत्र करणाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे त्याच तारखेमुळे खोटी ठरतात, हे वाईट वाटते, पण घडते.

नोकरी लपवून सनद घेण्याचा सल्ला देणारे लोकही भेटतील. त्यांना त्याच अधिनियमाची कलमे २६ आणि २७ दाखवावीत. महत्त्वाची वस्तुस्थिती दडवून मिळवलेली नावनोंदणी पुढे कधीही रद्द होऊ शकते, आणि एका राज्याच्या कौन्सिलने अर्ज नाकारला असेल तर त्या कौन्सिलची आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाची लेखी संमती असल्याशिवाय दुसऱ्या राज्यात नाव घातले जात नाही. त्यामुळे ‘येथे नाही तर शेजारच्या राज्यात’ हा मार्ग उघडा आहे असे समजू नये. शासकीय सेवेतून नैतिक अधःपतनाच्या आरोपावरून बडतर्फ झालेल्यांना कलम २४अ नुसार दोन वर्षांची अपात्रता असते, तीही लपवू नये.

त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा. नावनोंदणीनंतर दोन वर्षांच्या आत ती उत्तीर्ण व्हावी लागते, आणि ही दोन वर्षे सनदेच्या तारखेपासून मोजली जातात, पहिली केस घेतल्यापासून नव्हे. परीक्षेला टिपणे नसलेली मूळ अधिनियमांची पुस्तके नेता येतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. अभ्यासापेक्षा ही तारीखच अधिक जणांना नडते.

आता दुसरे दार. भारतीय दिवाळखोरी व नादारी मंडळ १ ऑक्टोबर २०१६ पासून काम करते, आणि इन्सॉल्व्हन्सी प्रोफेशनलच्या नोंदणीचे नियम त्याच वर्षीचे, नंतर अनेकदा सुधारलेले आहेत. लिमिटेड इन्सॉल्व्हन्सी परीक्षा, एखाद्या इन्सॉल्व्हन्सी प्रोफेशनल एजन्सीचे सभासदत्व, नोंदणीपूर्व अभ्यासक्रम आणि शेवटी मंडळाकडे अर्ज, असा क्रम असतो. सनदी लेखापाल, कंपनी सेक्रेटरी आणि कॉस्ट अकाउंटंट यांच्या संस्थांनी उभ्या केलेल्या अशा तीन एजन्सी आहेत, आणि त्या त्या व्यवसायाचे नसलेल्यांनाही तेथे सभासद होता येते. परीक्षेत ६० टक्के गुण लागतात आणि येथे चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापला जातो, म्हणून बार परीक्षेच्या सवयीने अंदाजपंचे उत्तरे ठोकू नयेत.

मुदत चुकीची वाचली जाते ती इथे. परीक्षा उत्तीर्ण झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत एजन्सीकडे सभासदत्वासाठी अर्ज करायचा असतो. पुष्कळजण ही मुदत मंडळाकडील अंतिम अर्जाची समजतात, किंवा परीक्षेचा निकाल कायमचा आपला झाला असे समजून कागद जमवत बसतात. अनुभवाची वर्षे भरायला दीड वर्ष असताना उगाच घाईने परीक्षा देऊन टाकली, तर ती परत द्यावी लागते.

अनुभवाची अट नीट वाचावी. तिचे प्रमुख मार्ग दोन : पदवीनंतरचा १५ वर्षांचा व्यवस्थापनाचा अनुभव, किंवा सनदी लेखापाल, कंपनी सेक्रेटरी, कॉस्ट अकाउंटंट अथवा अधिवक्ता म्हणून १० वर्षे. या वाक्यात ‘किंवा’ आहे, ‘आणि’ नाही. बारा वर्षे बँकेत आणि चार वर्षे वकिलीत काढलेला माणूस त्यांची सोळा अशी बेरीज करतो आणि परत पाठवला जातो. अशा माणसाने सनदेसाठी नोकरी कधी सोडायची हे ठरवताना पंधरा वर्षांचा हिशेब आधी करायला हवा होता, पण हे त्याला कुणी सांगितलेले नसते. आर्टिकलशिपची, म्हणजे सनदी लेखापाल होण्यापूर्वीच्या उमेदवारीची, वर्षे त्या संस्थेच्या सभासदत्वाच्या आधीची असल्याने मोजू नयेत. बँकेत लिपिक म्हणून लागून पुढे अधिकारी झालेल्यांनी सगळी सेवा व्यवस्थापनाची म्हणून दाखवू नये.

आणि मग तो कागद, जो कुणाकडेच नसतो : पद, कालावधी आणि जबाबदारीचे स्वरूप स्पष्ट लिहिलेले अनुभव प्रमाणपत्र. ‘आमच्या संस्थेत अमुक ते अमुक काळ कार्यरत होते’ एवढ्या एका ओळीने व्यवस्थापनाचा अनुभव सिद्ध होत नाही. जुनी संस्थाच उरली नसेल तर पंचाईत अधिक. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या, आणि १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट, अलाहाबाद, आंध्रा, कॉर्पोरेशन, ओरिएंटल व युनायटेड बँक यांचीही नावे गेली. तेथल्या सेवेचे प्रमाणपत्र ज्या बँकेत ती विलीन झाली तिच्या मनुष्यबळ विभागाकडे मागावे लागते, आणि तेथे जुनी सेवापुस्तके शोधायला आठवडे नव्हे, महिने लागू शकतात. खासगी कंपनी बंद पडली असेल तर नेमणूकपत्र, पदोन्नतीची पत्रे, फॉर्म १६ आणि भविष्यनिर्वाह निधीचा उतारा एकत्र जोडावा. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांनी राजपत्राची प्रत किंवा विवाह प्रमाणपत्र आधीच जोडावे. या एका कारणासाठी चांगले अर्ज महिनोन् महिने पडून राहतात आणि त्याची कुणाला लाज वाटत नाही.

नोंदणी मिळाली म्हणजे काम घेता येते, असेही नाही. एजन्सीकडून ‘ऑथरायझेशन फॉर असाइनमेंट’, म्हणजे प्रकरण हाती घेण्याचे अधिकारपत्र, घ्यावे लागते, आणि ते हाती असताना कोणतीही नोकरी करता येत नाही. नोंदणी करून नोकरीत राहणे शक्य आहे, पण प्रत्यक्ष प्रकरण हाती घ्यायचे तर पगार सोडावा लागतो.

काही काळाने पुन्हा नोकरी धरावी लागली, तर सनद खिशात ठेवून रुजू होऊ नये. राज्य बार कौन्सिलला लेखी कळवून वकिली स्थगित करून घ्यावी आणि नोकरी सुटल्यावर पुन्हा सुरू करण्याचा अर्ज करावा. त्या वेळीही पहिला प्रश्न येईल तो नव्या मालकाच्या रिलीव्हिंग लेटरचाच.