बेरीवर्गीय उन्हाळी फळांचे घरगुती गोड व टिकाऊ पदार्थ (नाशिक परिसर)

परसात, कुंपणावर किंवा गच्चीवरील कुंड्यांत वाढवलेल्या आणि फेब्रुवारीअखेर ते जून या काळात पिकणाऱ्या लहान, रसाळ, आंबटगोड फळांपासून घरी जॅम, जेली, मुरांबा, सरबत, पोळी व थंड मिष्टान्ने करण्याची पद्धत. नाशिक परिसरात यांत मुख्यतः तुती, फालसा, करवंद व जांभूळ ही फळे येतात. अंगणातील मांडवावर वेल असेल तेथे द्राक्षही येते. वनस्पतिशास्त्राच्या काटेकोर अर्थाने यांतील द्राक्ष व करवंद ही मृदुफळे (खऱ्या अर्थाने ‘बेरी’) होत, तुती हे अनेक फुलांपासून बनलेले संयुक्त फळ आहे, तर फालशाचे फळ आठळीचे आहे. स्वयंपाकघरात मात्र ती एकाच वर्गात मोडतात, कारण बहुतेकांची साल पातळ, रंग गडद आणि पिकल्यावरचे आयुष्य थोड्याच दिवसांचे असते. सुरगाणा तालुक्यात पिकणारी स्ट्रॉबेरी हे मुळात हिवाळी पीक असल्याने या हंगामाशी तिची गाठ केवळ मार्चपर्यंत पडते.

हंगामाची सुरुवात तुतीने होते. फांदीच्या तुकड्यापासून ती सहज लागते आणि फळ नव्या फुटीवर धरत असल्यामुळे वेळेवर छाटणी केलेल्या झाडाला जास्त लागते. फालसा (ग्रेविया एशियाटिका) हिवाळ्यात पानगळ झाल्यावर छाटतात, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत नव्या फांद्यांवर फळ मिळते. हे फळ एकदम न पिकता रोज थोडे थोडे पिकते, त्यामुळे एका झाडावरून जॅमपुरता साठा जमवायचा असेल तर रोजची वेचणी साखरेत घालून शीतकपाटात ठेवत जावे लागते. करवंद (कॅरिसा कॅरँडस) काटेरी असल्याने ते कुंपणाला लावण्याची रीत जुनी आहे. त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, पेठ या बाजूच्या डोंगरउतारांवर त्याच्या जाळ्या आपोआप वाढलेल्या असतात आणि मे महिन्यात ‘डोंगरची काळी मैना’ पानांच्या द्रोणांतून शहरात विकायला येते. जांभूळ सर्वांत शेवटी, पावसाच्या तोंडावर पिकते. त्याचा वृक्ष मोठा होत असल्याने त्याला घरगुती म्हणायचे ते केवळ मोठे आवार असलेल्या घरांपुरतेच.

जॅम किंवा जेली घट्ट होण्यासाठी पेक्टिन, आम्ल व साखर या तिन्हींचे प्रमाण जुळावे लागते. पेक्टिन हा फळाच्या पेशीभित्तिकांतील चिकट पदार्थ असून फळ जसजसे पिकते तसतशी त्याची घट्ट करण्याची शक्ती कमी होते. सामू (आम्लतेचे माप, पीएच) ३ च्या किंचित वर आणि विद्राव्य घटक (मुख्यतः विरघळलेली साखर) सुमारे ६५ टक्के असताना पेक्टिनचे जाळे उत्तम जमते. या दृष्टीने करवंद हे या फळांत वरचढ ठरते, कारण अर्धवट पिकलेल्या, लालसर करवंदात पेक्टिन व आम्ल दोन्ही भरपूर असतात. ज्या घरी करवंदाची जाळी आहे, तेथे बाजारातील पेक्टिनची पूड आणण्याचे काहीच कारण नाही. करवंदाचा रस तुती, स्ट्रॉबेरी यांसारख्या पेक्टिन कमी असलेल्या फळांच्या जॅममध्ये मिसळला की पाक जास्त न आटवताही जॅम जमतो, आणि मूळ फळाचा वास शाबूत राहतो.

करवंदाच्या जेलीसाठी दोन भाग पिकलेली काळी व एक भाग लालसर फळे घेतात. देठाशी पांढरा चीक येतो. तो सुरीला व बोटांना चिकटून बसत असल्याने हाताला तेल लावून फळे निवडणे सोयीचे पडते. धुतलेली फळे किंचित ठेचून, बुडतील इतक्याच पाण्यात पंधरा-वीस मिनिटे शिजवतात आणि मलमलीच्या फडक्यात बांधून रात्रभर टांगून ठेवतात. फडके पिळल्यास गर उतरतो व जेली गढूळ होते. मिळालेल्या रसात मापाने पाऊणपट साखर घालून मोठ्या आचेवर उकळतात आणि वर येणारी मळी काढत राहतात. समुद्रसपाटीवर जेलीचा अंतिम बिंदू सुमारे १०५ अंश सेल्सियस धरला जातो. परंतु नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर असून तेथे पाणीच ९८ अंशांच्या आसपास उकळते, म्हणून थर्मामीटर वापरणाऱ्याने १०३ अंशांवर आच बंद करावी. मुंबईच्या पाककृतीतील आकडा जसाच्या तसा गाठू पाहणाऱ्याची जेली वडीसारखी कडक होते. थर्मामीटर नसल्यास गार बशीवर थेंब टाकून बोटाने सरकवावा. त्याच्या पृष्ठभागाला सुरकुती पडली की जेली झाली. एका वेळी किलोभराहून अधिक रस घेऊ नये, कारण आम्लयुक्त रसात फार वेळ उकळल्यास पेक्टिनच तुटते आणि मग कितीही आटवले तरी पाकाखेरीज हाती काही येत नाही.

तुतीची जात वेगळी आहे. ती कोवळी, गोड आणि आम्लाने दुबळी असल्यामुळे लिंबाचा किंवा करवंदाचा रस लागतोच. फळातील बारीक हिरवा देठ प्रत्येक तुतीतून कात्रीने काढणे हे कंटाळवाणे काम असून, जॅम गाळणार असल्यास ते टाळता येते. फळे साखरेत चार-सहा तास मुरवून, सुटलेला रस आधी आटवून, मग त्यात फळे घातल्यास ती अखंड राहतात.

जांभळाचा गर बियांपासून सुटायला फळे मंद गरम करून हाताने कुस्करतात. त्यातील टॅनिनमुळे येणारा तुरटपणा साखरेने झाकला जातो, नाहीसा होत नाही. काहींना तोच हवा असतो. गाळलेला गर साखर घालून घट्ट करून, तूप लावलेल्या ताटात पसरून कडक उन्हात वाळवला की आंबापोळीसारखी जांभूळपोळी होते. मे महिन्यातील नाशिकची कोरडी हवा यासाठी उत्तम, परंतु जांभूळ पिकते तोवर आकाश भरून येऊ लागते, त्यामुळे ही पोळी घाईनेच करावी लागते. फालशाचा उपयोग मुख्यतः सरबतासाठी.

या फळांचा निळा-जांभळा रंग अँथोसायनिन वर्गातील रंगद्रव्यांचा असतो. आम्लात तो लाल राहतो आणि अल्कलीत निळसर-हिरवट होतो. खाण्याचा सोडा जास्त पडलेल्या केकमध्ये तुतीभोवती राखी वलय दिसते ते यामुळेच. लोखंडी कढईत रस काळपट पडतो, म्हणून पातेले स्टीलचेच घ्यावे.

दुधाच्या मिष्टान्नांत मुख्य अडचण नासण्याची असते. करवंदाचा किंवा फालशाचा रस गरम बासुंदीत घातल्यास दूध फाटते. यावर उपाय म्हणजे फळाचा रस साखरेसह वेगळा आटवून पूर्ण गार करणे आणि तो गार रबडीत वाढण्याआधी किंवा कुल्फीच्या मिश्रणात गोठवण्याआधी मिसळणे. चक्का मुळात आंबट असल्याने श्रीखंडात हा प्रश्नच येत नाही. तुतीचे श्रीखंड आम्रखंडापेक्षा सौम्य लागते आणि त्यात वेलची अगदी बेताची घालावी, नाहीतर फळाची चव दबून जाते. जेलीचे थर घालून केलेला साधा स्पंज केक नाशिकमधील बेकरीच्या पदार्थांना रुळलेल्या घरांत दिसतो, पण दुधाच्या पदार्थांची सर त्याला नाही.

द्राक्षाच्या बाबतीत एक वेगळी खबरदारी घ्यावी लागते. त्याच्या रसात टार्टारिक आम्लाचे क्षार असतात आणि जेली ठेवल्यावर त्यांचे काचेसारखे कण दाताखाली येतात. रस एक रात्र शीतकपाटात ठेवून, तळचा साका सोडून वरचा निथळ रस घेतल्यास हा दोष टळतो. काळ्या शरद सीडलेस या वाणाची जेली रंगाला चांगली होते, तर हिरव्या थॉमसन वाणाचा घरगुती उपयोग बेदाणा वाळवण्यासाठी अधिक सार्थ ठरतो.

साठवणीसाठी काचेच्या बरण्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवून कोरड्या करतात आणि जॅम गरम असतानाच भरतात. भारतीय अन्न नियमांनुसार विक्रीच्या जॅममध्ये किमान ६५ टक्के विद्राव्य घटक व बहुतेक फळांसाठी ४५ टक्के फळ असावे लागते. घरी साखर कमी करायची झाल्यास ती केवळ गोडीसाठी नसून टिकण्यासाठीही असते, हे लक्षात ठेवावे लागते. पाऊस सुरू झाल्यावर हवेतील दमटपणाने अशा जॅमवर बुरशी लवकर धरते. म्हणून कमी साखरेचा जॅम लहान बरण्यांत भरून शीतकपाटात ठेवतात, दरवेळी कोरडा चमचा वापरतात, आणि वर बुरशी दिसल्यास केवळ वरचा थर न काढता संपूर्ण बरणी टाकून देतात.